सण, शिआर आणि संकल्प : हैतमींच्या एका फतव्याची चिकित्सा

मुसलमानाने अन्य धर्मीयांच्या सणात सहभागी व्हावे की नाही, या प्रश्नाची चर्चा मराठीत बहुधा दोन ठरीव रीतींनी होते. एक पक्ष पंक्तीला आलेले पाहुणे मोजून सलोख्याचा निर्वाळा देतो. दुसरा पक्ष एखादे निषेधपर वचन पुढे करून इस्लामला असा सहभाग सर्वथा अमान्य आहे, असे ठरवून मोकळा होतो. मूळ धर्मशास्त्रीय ग्रंथ उघडून पाहण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. कर्जत-खालापूरसारख्या घाटपायथ्याच्या तालुक्यांविषयी लिहिताना ही उणीव अधिकच जाणवते. कोकणी मुसलमान परंपरेने शाफिई मताचे आहेत. वारंवार पुढे केला जाणारा आधार मात्र हंबली पंथाच्या इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांचा असतो.

इब्न तैमियांची भूमिका सुसंगत आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या मते सण ही निव्वळ रूढी नसून धर्मविधीचेच एक अंग होय. म्हणून परक्या सणाचे अल्प अनुकरण हेही परक्या धर्माच्या अंशाचा स्वीकार ठरते. जो ज्या समाजाचे अनुकरण करतो तो त्यांच्यातलाच, या आशयाची अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीस हा त्यांचा मुख्य आधार. तथापि याच ग्रंथात ते इमाम अहमद यांचे असेही मत नोंदवितात की, सणानिमित्त भरलेल्या बाजारास जाण्यास हरकत नाही, प्रार्थनास्थळात मात्र शिरू नये. म्हणजे अत्यंत कठोर समजल्या जाणाऱ्या या विवेचनातही बाजार आणि गाभारा यांतील भेद पुसलेला नाही. खालापूर तालुक्यात महडच्या वरदविनायकाची माघी यात्रा भरते. तेथे दुकान मांडणे आणि गाभाऱ्यात जाऊन पूजा करणे या दोन गोष्टी या शास्त्राला एक वाटत नाहीत.

कोकणाच्या दृष्टीने अधिक मोलाचा फतवा शाफिई पंडित इब्न हजर हैतमी यांचा आहे. त्यांचे उत्तरायुष्य मक्केत सरले आणि १५६७ च्या सुमारास तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या फतवासंग्रहातील एका पृच्छेत पुढील वर्णन येते : सणाच्या दिवशी लहान धनुष्यांनी खेळणे, साखरेत शिजविलेली केळी खाणे, मुलांना पिवळी वस्त्रे नेसविणे, आणि ज्यांच्याशी मालक-चाकराचे नाते आहे त्यांना कापडचोपड व खर्चास पैसे देणे. त्या दिवशी मूर्तिपूजा होत नाही, असेही पृच्छक सांगतो आणि काळाच्या संदर्भात सिंह राशीचा उल्लेख करतो. हा सण मलबारातील ओणमच असावा, असे या तपशिलावरून अनुमान निघते. ओणम चिंगम, म्हणजे सिंह मासात येतो. केळी, पिवळे कोरे वस्त्र आणि ओणविल्लू नावाचे लहान धनुष्य ही त्याची ओळख होय. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील शाफिई समाजाच्या व्यवहारातून उठलेला प्रश्न मक्केपर्यंत पोहोचला, ही गोष्टच लक्षणीय आहे.

हैतमींचा निर्णय त्रिविध आहे. कुफ्राच्या चिन्हात, म्हणजे शिआरात, अनुकरणाचा हेतू असेल तर तो धर्मत्याग होय. कुफ्राचा विचार मनात न आणता केवळ सणाच्या चिन्हापुरते अनुकरण करण्याचा हेतू असेल तर ते पाप आहे, धर्मत्याग नव्हे. अनुकरणाचा हेतूच नसेल तर कर्त्यावर काहीच दोष येत नाही. एवढे सांगून झाल्यावर ते स्वपंथातील एका उत्तरकालीन इमामाचे मत जोडतात. ख्रिस्ती लोकांच्या सणात त्यांच्यासारखे खाणे, भेटी देणे आणि घेणे हा अत्यंत निंद्य बिदअत होय, असे ते मत आहे. सलोखावादी पहिला भाग सांगतात, निषेधवादी दुसरा. आणि दोघेही प्रामाणिकपणे हैतमींचेच नाव घेतात!

हे दोन भाग परस्परविरोधी आहेत काय? हैतमी स्वतः त्यांना एकवाक्य समजतात. पहिल्या भागात न्यायाधीशाची भाषा आहे, दुसऱ्यात उपदेशकाची. असे मानले तर विरोध काहीसा निवळतो, परंतु पुरता नाहीसा होत नाही. संकल्पावर सारा भार टाकल्यावर भेट घेण्याची सरसकट निंदा टिकत नाही. खोपोलीच्या कारखान्यातील मुसलमान कामगार दिवाळीचा बोनस घेतो, शेजारघरचा फराळ स्वीकारतो, तेव्हा अनुकरणाचा हेतू कोठे शोधावयाचा? मालक-चाकर नात्याचा उल्लेख पृच्छेतच आहे, आणि तिसरा विकल्प अशाच प्रसंगासाठी मोकळा ठेवलेला दिसतो. गणपतीपुढे आरतीचे ताट हाती धरणे ही गोष्ट निराळी. ते पूजेचेच अंग असल्यामुळे केवळ सद्‌हेतूची ग्वाही तेथे शाफिई पंडितास पुरेशी वाटणार नाही. सलोख्याच्या भरात हे झाकून ठेवणे अभ्यासकास शोभत नाही.

फतव्याची खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे. ‘त्यांचा सण’ आणि ‘आपला सण’ ही विभागणी हैतमी स्वयंसिद्ध मानतात. कर्जतला लागून असलेल्या अंबरनाथ तालुक्यातील हाजी मलंगच्या डोंगरावर ती डळमळते. तेथील वहिवाट परंपरेने ब्राह्मण केतकर घराण्याकडे आहे; आणि उरूस हिजरी तिथीस नव्हे, तर माघी पौर्णिमेस भरतो, महडच्या यात्रेनंतर अवघ्या अकरा दिवसांनी. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे स्थान दर्गा की मच्छिंद्रनाथांची समाधी, असा वाद पेटलेला आहे. आरतीच्या वेळी तेथे उभा असलेला मुसलमान परक्या सणात आहे की स्वतःच्या उरुसात, याचे उत्तर तिन्ही विकल्पांपैकी एकातही सापडत नाही.