मारियामा बा : दीर्घ पत्रातील आखूड पत्र

सेनेगालच्या मारियामा बा यांच्या 'इतके दीर्घ पत्र' (१९७९) या फ्रेंच कादंबरीस केवळ सवतीची कैफियत मानणे अन्यायाचे होय. वैधव्यानंतर इद्दतीत बसलेली रामातुलाय आयसातू या बालमैत्रिणीस हे पत्र लिहिते. पतीने दुसरा विवाह केला तेव्हा आयसातूने त्याला धाडलेले आखूड पत्रही तिने त्यात उतरविले आहे. जी घर सोडून गेली तिला थोडे शब्द पुरले. जी सवतीनंतरही राहिली तिला वही भरावी लागली. डाकारची व्यवहारभाषा वोलोफ. या सख्यांचे हृद्गत मात्र शाळेत शिकलेल्या फ्रेंचमध्ये प्रकटते. आयसातू पुढे दुभाष्याचा व्यवसाय पत्करते, हा आम्हांस योगायोग वाटत नाही.