क्वेरी कॅश : रूप, अर्थ आणि गती

विदागारातील नोंदी प्रत्येक वेळी नव्याने काढाव्यात, की एकदा मिळालेले उत्तर संगणकाच्या मुख्य स्मृतीत राखून ठेवावे, हा प्रश्न बहुधा केवळ गतीचा मानला जातो. मायएस्क्यूएल या प्रणालीतील 'क्वेरी कॅश'चा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते.

या योजनेत पृच्छेचे पाठ्य व तिचे उत्तर यांची जोडी स्मृतीत ठेवली जाई. तीच पृच्छा पुन्हा आली की तिचे पृथक्करण न करता सिद्ध उत्तर देण्यात येई. जेथे तक्ते क्वचित बदलतात व पृच्छा त्याच त्या असतात, तेथे हा लाभ निर्विवाद होता. परंतु 'तीच पृच्छा' म्हणजे कोणती? पाठ्य बाइटागणिक जुळले तरच दोन पृच्छा एक मानल्या जात. एकीत 'सिलेक्ट' हा शब्द मोठ्या रोमन अक्षरांत व दुसरीत लहान अक्षरांत असला, तर अर्थ तोच असूनही त्या भिन्न ठरत. ओळख रूपाची होती, अर्थाची नव्हे. हा दोष अनवधानाचा म्हणता येत नाही. अर्थ जाणावयाचा तर पृथक्करण करावे लागते, आणि तेच श्रम तर वाचवावयाचे होते.

रूपाबाबत कठोर असलेली ही योजना आशयाबाबत अतिसावध होती. तक्त्यातील एक ओळ बदलली तरी त्या तक्त्यावर आधारलेली सर्व उत्तरे रद्द होत. मग त्या ओळीचा त्यांच्याशी संबंध असो वा नसो. शिळे उत्तर न देण्याचा हेतू योग्यच होता. पण जेथे लेखन वारंवार होते तेथे त्याची किंमत भारी पडे. शिवाय सारा संचय एकाच कुलुपाखाली असल्याने एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांना ताटकळावे लागे. २०१७ साली ५.७.२० या आवृत्तीत ही सोय त्याज्य ठरविण्यात आली व २०१८ च्या ८.० आवृत्तीत ती वगळण्यात आली.

यावरून स्मृतिसंचयच निरर्थक होय, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. इनोडीबीचा 'बफर पूल' कायम राहिला. तो उत्तरे साठवीत नाही. तक्त्यांची व निर्देशिकांची पाने साठवितो. त्यामुळे भिन्न शब्दांत मांडलेल्या पृच्छांनाही एकाच पानाचा उपयोग होतो, आणि ओळ बदलली तरी पान टाकून न देता स्मृतीतच सुधारता येते. म्हणूनच 'संचयासह' व 'संचयाविना' अशा तुलनेतील दुसरी बाजू पुष्कळदा नावापुरतीच संचयाविना असते. पहिल्या वाचनानंतर पाने स्मृतीत आलेलीच असतात. काय साठविले, कशावरून ओळखले आणि केव्हा रद्द केले, हे स्पष्ट केल्यावाचून असे कालमापन प्रमाण मानता येणार नाही.