पाटी आणि ओटा

वाट ही काही साहित्यकृती नव्हे, मग तिची समीक्षा कशी करायची, असा प्रश्न कोणी आरंभीच विचारील. पण ज्या वाटेवर कोणी जाणूनबुजून खुणा उभ्या केल्या, ती वाट बोलू लागते. कुठे वळावे, कुठे टेकावे, काय पाहावे आणि काय न पाहता पुढे जावे, हे ती ठरवते. निवड आली की दृष्टी आली, आणि दृष्टी आली की समीक्षेचा अधिकार तिथवर पोचतो. बंद पडलेल्या ग्रामीण रेल्वेच्या मार्गाने चालण्यासाठी खुणा लावून वाट आखणे, हा जगात आता चांगला रुळलेला प्रकार आहे. मराठी माणसाने त्याकडे कोणत्या कसोटीने पाहावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या विचाराला निमित्त आहे एकाच इंजिनियरने उभ्या केलेल्या दोन रेल्वेंचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज गृहस्थाने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची छोटी गाडी सुरू केली. हलके रूळ, दर आसावर पाच टनांहून अधिक नाही असे बेताने वाटलेले वजन आणि कमी भांडवलात ग्रामीण भागाला उपयोगी पडणारी रेल्वे, हे त्याचे सूत्र होते. ही बार्शी लाईट १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये ती सरकारने विकत घेतली. बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन कॅलथ्रॉपने इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तेवढ्याच रुंदीची रेल्वे बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिच्या इंजिनांना आपल्याकडच्या माळावर शोभावेत असे भले मोठे दिवे होते. लांबी आठ मैलांहून थोडी अधिक, उत्पन्न मुख्यतः दुधाचे आणि सहलीला येणाऱ्यांचे. १९३४ मध्ये ती बंद पडली. रेल्वे कंपनीने मार्गाची जमीन तिथल्या जिल्हा कौन्सिलच्या स्वाधीन केली आणि १९३७ मध्ये त्याच मार्गावर डांबरी पायवाट खुली झाली. या प्रकारच्या वाटांमध्ये ती फार आधीची मानली जाते.

म्हणजे धाकटी बहीण इंग्लंडात तीन वर्षांत पायवाट झाली. थोरलीचे काय झाले? कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद करण्याचे काम २००७-०८ मध्ये पुरे झाले. जुन्या मार्गावर धाराशिव शहर नव्हते. नवा मार्ग त्या शहराला भेटण्यासाठी वळवला, त्यामुळे जुन्या वाटेचा काही भाग बाजूला पडला. गाडी रुंद झाली याचा आनंदच आहे. त्या छोट्या गाडीतून ज्यांनी खरोखर प्रवास केला, त्यांनी तिच्यासाठी अश्रू ढाळावेत असे मला वाटत नाही. स्मरणरंजनाने आपल्या ललित लेखनाचे बरेच नुकसान केले आहे. वाटांचे तरी करू नये. प्रश्न वेगळाच आहे. रूळ उचलल्यावर जो पट्टा उरतो, त्याला आपण काही म्हणू देणार आहोत, की तो नांगराला आणि बाभळीला देऊन टाकणार आहोत?

आधी मॅनिफोल्डच्या वाटेचे गुण पाहू. तिने रेल्वेचा देह राखला आहे. रेल्वेला अवघड चढ चालत नाही, म्हणून चालणाऱ्याला तो सौम्य चढ, ती लांब वळणे आणि नदीवरचे पूल जसेच्या तसे मिळतात. जी वाट पूर्वी गाडीच्या सोयीची होती, ती आता म्हाताऱ्याच्या आणि लेकराच्या सोयीची झाली. हा आशय पाटीवर न लिहिताही तळपायाला कळतो. हा तिचा मोठा गुण. पण या सबंध प्रकाराचा नायक पाहुणा असतो. तो सुटीच्या दिवशी येतो, निसर्ग पाहतो, परत जातो. त्याला लागतात बाण, अंतर आणि पुढच्या उपाहारगृहाची दिशा. या वाटा वाचायला सोप्या असतात, कारण त्या फारसे काही सांगत नाहीत. त्याच नमुन्याच्या पाट्या आपण उद्या येडशीच्या माळावर रोवल्या, तर भाषांतर होईल, निर्मिती होणार नाही.

आणि भाषांतराची आपल्याला गरजही नाही. वाटेवर खुणा करण्याची परंपरा मराठीत गद्याइतकीच जुनी आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ आठवावी. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, बोलले, त्या त्या स्थळांची ती नोंद आहे. देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, दार कोणत्या दिशेला, आसन नेमके कुठे, हे त्यात इतक्या काटेकोरपणे येते की मोजणीदारानेही मान डोलवावी. तरीही ती मोजणी नव्हे. ‘लीळाचरित्रा’त घटना आहे आणि ‘स्थानपोथी’त तिची जागा, दोन्ही मिळून अर्थ पुरा होतो. त्या स्थानांवर अनुयायांनी पाटी लावली नाही, ओटा बांधला. माझ्या मते मराठी मनाने शोधलेली ही वाटेवरची सर्वांत चांगली खूण आहे. ओटा दिशा दाखवीत नाही. ‘इथे काही घडले, थांब’ एवढे सांगतो.

दुसरी परंपरा वारीची. तिच्यात खुणा जमिनीवर नसून माणसांत असतात. दिंड्यांचा क्रम, विसावा, मुक्काम, रिंगण यांनीच वाट आखली जाते. अलीकडे शासनाने या वाटेला दगड-सिमेंटचे रूप दिले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली आणि त्यात पायी चालणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना वेगळी वाट योजली गेली. चालणाऱ्याचा हक्क सरकारी आराखड्यात आला, ही मोठी गोष्ट आहे. पण रुंदीकरणात जुनी झाडेही गेली. वारकऱ्याला आधी सावली हवी असते, मग फरसबंदी. ज्या रचनेत हा क्रम उलटतो, ती कितीही भव्य असली तरी तिच्यात चालणाऱ्याच्या अनुभवाची जाण कमी पडली, असेच म्हणावे लागते.

या दोन परंपरांच्या कसोटीवर बार्शी-लातूर ही जुनी वाट वाचून पाहिली, तर तिच्यात काय सापडते? पांगरी बार्शी तालुक्यातले, येडशी धाराशिवकडचे. या दोन गावांच्या मध्ये कुठेतरी १९४७ पर्यंत इंग्रजी मुलूख संपत होता आणि निजामाचे राज्य सुरू होत होते. दोन्हीकडे मराठीच बोलणारी माणसे होती. मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांची सरहद्दीवरची शिबिरे याच पट्ट्यात होती. पुढे कसबे तडवळे. तिथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, तीही निजामाच्या हद्दीत. त्याच भागात तेर आहे. रोमन व्यापाराच्या काळातले तगर ते हेच आणि गोरोबाकाकांचे गावही हेच. सरहद्द, परिषद आणि संताचे घर अशी तीन स्थाने दोन दिवसांच्या चालीत येतात. यांच्यावर केवळ ‘तेर अमुक किलोमीटर’ एवढीच पाटी लागली, तर ती पाटी खोटी नसेल. पण मुकी असेल.

संतपूरला बसून मी लातूरच्या वाटेबद्दल का लिहितो, हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. आमच्या गावाला रेल्वे नाही. इकडून पंढरीला निघालेल्या माणसाने कमालनगरला मोठी गाडी धरायची, लातूर रोडला उतरून मोटारीने लातूर गाठायचे आणि तिथून छोट्या गाडीत बसायचे, असा तो क्रम. १९५६ मध्ये बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. औराद, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. देव मात्र तोच राहिला, आणि त्याला तर संतांनीच कानडा म्हटले आहे.

म्हणून पाटीच्या भाषेचा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही. भालकीच्या स्टेशनावरची पिवळी पाटी पाहा. कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन भाषांची सोय तिच्यावर आहे. देवनागरीतले नाव नियमाने हिंदीचे. आम्ही ते मराठी म्हणून वाचतो. दोन भाषांना एकच लिपी असल्याचा हा आडून मिळालेला लाभ. पाटी लावणाऱ्याच्या मनात आम्ही नव्हतो, तरी पाटीत आम्हाला जागा सापडली. खुणा लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. वाटेवरची अक्षरे कोणाला आत घेतात आणि कोणाला बाहेर ठेवतात, यावर त्या वाटेचा खरा दर्जा ठरतो. पंढरीकडे जाणाऱ्या वाटेवर मराठीबरोबर कन्नड अक्षर आले, तर मराठीचे काही उणे होणार नाही. आणि हेच आम्ही आमच्या बाजूच्या वाटांसाठी मागतो, तेव्हा ती मागणीही तितकीच साधी समजली जावी.

एक आक्षेप उरतो. दुष्काळी मुलखात, जिथे माणसे गरजेपोटीच चालतात, तिथे चालण्याच्या वाटेचे हे कौतुक कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर आमच्या काळ्या मातीतच आहे. भाद्रपदात या मातीत पाय घातला की चप्पल तिथेच राहते. पाणंदी चिखलाने बंद होतात, शाळेची पोरे घरी बसतात, दुखणाईत माणूस खाटेवर घालून आणावा लागतो. रेल्वेचा भराव मात्र उंच, दाबून बसवलेला आणि पाण्याचा निचरा होणारा असतो. गाडी चालू असते तोवर त्यावरून चालणे १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाने गुन्हा ठरते, आणि तरी लोक चालतातच, कारण कोरडी वाट तेवढीच असते. गाडी गेल्यावर गुन्हा संपतो आणि नेमकी तेव्हाच वाटही संपते, कारण तिच्यावर कोणाचे लक्ष राहत नाही. ही केवळ सौंदर्याची हानी नव्हे. शेतावर जाणाऱ्या बाईची, शाळेच्या पोराची ती रोजची हानी आहे. इंग्रजी वाटेचा नायक पाहुणा असेल. आमच्या वाटेचा नायक गावकरी असला पाहिजे. पाहुण्याने त्याच्या मागून यावे.

तेव्हा अशी वाट करायची झाल्यास माझी अपेक्षा थोडकी आहे. पट्ट्याची मोजणी होऊन तो पंचायतींच्या नावे नोंदला जावा. दर कोसाला एक लिंब किंवा वड आणि पाण्याची सोय असावी. बाणांच्या पाट्या जितक्या कमी तितक्या बऱ्या, कारण रेल्वेचा मार्ग सरळ असतो आणि त्यावर माणूस सहसा चुकत नाही. जिथे काही घडले तिथे मात्र ओटा हवा. बसता येईल एवढा उंच, दोघांना पुरेल एवढा लांब, आणि त्याच्या दगडावर त्या जागेची हकिगत चार ओळींत, वाचणाऱ्यांच्या भाषांत. पाटी वाचून माणूस पुढे जातो. ओट्यावर तो टेकतो, शेजारी बसलेल्याला ‘कुठले?’ म्हणून विचारतो, आणि पाटीवर न मावलेली हकिगत तिथून सुरू होते.