ज्याचे शब्द, त्याचाच गळा : संदीप खरे यांची सुरुवातीची गाणी

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आज आपण संदीप खरे यांच्या सुरुवातीच्या काळाबद्दल बोलणार आहोत. म्हणजे 'दिवस असे की' हा अल्बम, आणि त्यानंतर २००३ साली डॉ. सलील कुलकर्णी यांच्यासोबत सुरू झालेला 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम आणि त्याच नावाचा अल्बम. आता कोणी म्हणेल, पुण्याच्या कवीवर नागपुरात व्याख्यान कशाला? तर त्याचं एक कारण आपल्याच गावात आहे.

१४ मार्च २००३ रोजी सुरेश भट नागपुरात गेले. त्याच वर्षी पुण्यातले दोन तरुण एक कार्यक्रम सुरू करतात, आणि त्याचं शीर्षकगीत काय आहे? गझल आहे. 'बोलू काही' हा त्याचा रदीफ. त्याच्या आधी काफिया नीट सांभाळलेला, आणि प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा. भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नव्या कवींना हे तंत्र शिकवलं. खऱ्यांनी ते थेट तिथूनच उचललं असा आमचा दावा नाही. पण भटांनी मराठी कानाला गझलेची सवय लावली नसती, तर हे शीर्षकगीत इतक्या सहज लोकांच्या तोंडी बसलं नसतं, एवढं आम्ही नक्की म्हणू.

आता मुख्य मुद्दा. मराठी भावगीतात कामाची वाटणी ठरलेली होती. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. 'गीतरामायण' आठवा. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर वर्षभर ते चाललं, एकूण छप्पन्न गाणी. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या, आणि गाणारे अनेक. या वाटणीतून फार मोठं काम झालं, हे निर्विवाद. पण त्यात कवी पडद्यामागे राहिला.

मग स्वतः लिहून स्वतः गाणारा माणूस मराठीत नवीन होता का? मुळीच नाही! अण्णाभाऊ साठे होते. वामनदादा कर्डक होते, नाशिक जिल्ह्यातले. त्यांनी गावोगाव फिरून स्वतःची गाणी स्वतः गायली. दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात जे जातात, त्यांना वामनदादा कोण हे सांगावं लागत नाही. पण आपण त्यांना 'शाहीर', 'लोककवी' म्हटलं आणि भावगीताच्या चर्चेतून बाजूला ठेवलं. कोलकात्यात १९९२ साली सुमन चट्टोपाध्याय यांचा 'तोमाके चाई' आला, तेव्हा स्वतः लिहायचं, चाल लावायची आणि गिटार घेऊन गायचं, याची तिथे केवढी चर्चा झाली. आपल्याकडे ही परंपरा आधीपासून होती. मध्यमवर्गीय नाट्यगृहात ती उशिरा पोचली, एवढंच. खऱ्यांचं महत्त्व आम्ही या जागी मोजतो. त्यांनी ही रीत नव्याने शोधली नाही. भावगीताच्या घरात जी खोली बंद होती, तिचं दार त्यांनी उघडलं.

'दिवस असे की'मध्ये शब्द खऱ्यांचे आणि चालीही त्यांच्याच. सोबत शैलेश रानडे यांचा आवाज. या चाली बोलण्याच्या जवळच्या आहेत. शब्द सुरासाठी ताणला जात नाही. ज्या दिवशी आपण कोणाचेच नाही असं वाटतं, अशा दिवसाबद्दल शीर्षकगीत आहे. या एकटेपणाला प्रेमभंग वगैरे काही कारणच दिलेलं नाही! आणि ते कारण न देणं हीच त्या गाण्याची ताकद आहे. इथे मोठी तान घेतली असती तर सगळं कोसळलं असतं.

'आयुष्यावर बोलू काही'त रचना बदलते. चाली मुख्यतः सलील यांच्या, गळा त्यांचा तयारीचा, समोर पेटी. खरे मधेमधे नुसती कविता म्हणतात, थोडं गातात. एक गातो, एक बोलतो. म्हणजे कवी पडद्याबाहेर आला, पण गाण्याचा अर्धा भार त्याने मित्राला दिला. हा तोटा झाला का? आमच्या मते नाही. गाण्याच्या शेजारी नुसती कविता ऐकायला हजारो लोक तिकीट काढून बसले, ही लहान गोष्ट नाही.

पण कौतुक इथे थांबवून थोडं कडू बोलू. खऱ्यांच्या 'नामंजूर'मध्ये काय होतं बघा. कचेरीत अर्जावर मारतात तो शेरा. तो कवीने उचलला आणि जगण्याच्या तडजोडींवर मारला. ऐकणारा जरा अस्वस्थ होतो, कारण आपण काय काय मंजूर करून बसलोय हे त्याला आठवतं. आता 'दमलेल्या बाबाची कहाणी' घ्या. उशिरा घरी येणारा, मुलीला वेळ न देऊ शकणारा बाप. सभागृहात डोळे पुसले जातात, आमचेही ओले झाले. पण गाणं संपतं तेव्हा बापाला माफी मिळालेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उशिराच येणार असतो! पहिलं गाणं प्रश्न टाकून जातं, दुसरं रडवून मोकळं करतं. श्रोता समोर बसलेला असला की कवीला त्याला दुखवणं जड जातं. स्वतः गाणाऱ्या कवीपुढचा हा खरा धोका आहे.

म्हणून 'टाळ्यांची कविता' म्हणून हे सगळं बाजूला सारणारे समीक्षक आम्हाला पटत नाहीत, आणि टाळ्या पडल्या म्हणजे झालं म्हणणारे चाहतेही पटत नाहीत. आमची कसोटी साधी आहे. गाणारा उठून गेल्यावर गाणं उरतं का? वामनदादा २००४ साली गेले. त्यांची गाणी आजही जयंतीला, लग्नाला, त्यांना कधी न पाहिलेली पोरं गातात. खऱ्यांची सुरुवातीची काही गाणी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बेसूर गळ्यातूनही तग धरतात. ती आम्हाला टिकाऊ वाटतात. ज्यांना खऱ्यांचा मंच, दिवे आणि मधलं निवेदन लागतं, त्यांच्याबद्दल शंका आहे.

तर आज घरी गेल्यावर एक करा. 'दिवस असे की' लावा, एकदा ऐका, मग बंद करून त्यातलं एक गाणं स्वतः म्हणून बघा. गळा कसा आहे याची काळजी करू नका. शब्द तोंडात राहतात की नाही, तेवढं बघा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.