तळमजल्यावर व्यापार, माडीवर श्रद्धा

सिंगापूरचे एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम आशियाची ओळख व्यापाराच्या वाटेने करून देते. १९९७ साली एका जुन्या शाळेच्या इमारतीत आरंभ झालेले हे संग्रहालय २००३ मध्ये नदीकाठच्या एम्प्रेस प्लेस येथील वास्तूत आले. या वास्तूचा सर्वांत जुना भाग १८६७ साली पूर्ण झाला, तो हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांच्या श्रमांतून. आशियातील दळणवळणाचे हे पहिले प्रदर्शन भिंतींतच आहे, आणि त्यापुढून बहुतेक प्रेक्षक न थांबता जातात.

आत तळमजला व्यापाराचा, पहिला मजला धर्मश्रद्धांचा आणि दुसरा कारागिरीचा. पूर्वी देशवार असलेली मांडणी मोडून ही विषयवार रचना केली, हे धाडस स्तुत्य होय. चीनचे चिनी व भारताचे भारतीय अशा कप्प्यांत आशिया कधी मावलाच नव्हता.

तळमजल्यावरील तांग जहाजाचे दालन तर पाहतच राहावे. १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ हे नवव्या शतकातील जहाज सापडले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून दोराने शिवलेल्या होत्या आणि पोटात साठ हजारांहून अधिक भांडी होती. बहुतेक चांग्शाच्या भट्टीतले साधे वाडगे. एकावर इसवी सन ८२६ शी जुळणारी तिथी कोरलेली. राजाच्या एका सुवर्णपात्रापेक्षा हे शेकडो वाडगे अधिक बोलतात, कारण ते कोणाच्या तरी रोजच्या जेवणासाठी निघाले होते. उत्खनन मात्र नफ्यासाठी काम करणाऱ्या कंपनीने केले. त्यावरून पुरातत्त्वज्ञांनी आक्षेप घेतल्याने २०११ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आपले नियोजित प्रदर्शन पुढे ढकलले, हेही वाचकांनी ध्यानी ठेवावे.

माडीवर ख्रिस्ती कलेचे दालन आहे. आशियात घडलेली ख्रिस्ती कला आशियाचीच म्हणून मांडणारी मोठी संग्रहालये थोडी. येथे ती इस्लामी आणि अन्य प्राचीन धर्मांच्या कलेच्या शेजारी, बरोबरीच्या मानाने नांदते. आपली श्रद्धा ही पोर्तुगीजांनी मागे टाकलेले सामान, असे ज्यांना वारंवार ऐकावे लागले त्या आपल्या घरांतील मुलांनी हे दालन अवश्य पाहावे. गोव्याच्या कारागिरांनी कोरलेल्या उत्तम मेंढपाळाच्या हस्तिदंती मूर्तींचा प्रकारच घ्या. बाल येशू खडकावर बसला आहे, गाल तळहातावर टेकला आहे, डोळे मिटलेले. खांद्यावर कोकरू, पायाखाली झऱ्यावर पाणी पिणारी मेंढरे आणि तळाशी गुहेत मग्दालेना मरिया. युरोपातील मेंढपाळ वाट तुडवणारा, हा ध्यानस्थ. अभ्यासकांना यात बुद्धमूर्तीची छाया दिसते, आणि आम्हांस ती नाकारण्याचे कारण दिसत नाही.

मूर्तीपुढे मेणबत्ती नाही, याचा दोष आम्ही संग्रहालयास देत नाही. आमचा आक्षेप जिन्याविषयी आहे. वाडग्याला त्याचे जहाज मिळाले, पण मूर्तीला मिळाले नाही. या मूर्तींचे हस्तिदंत बव्हंशी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांत आले, गोव्यात कोरले गेले आणि पुन्हा गलबतांतूनच दूरदेशी गेले. त्या विकल्या गेल्या, तशाच पूजिल्याही गेल्या. श्रद्धेला माडीवर नेऊन ठेवताना तिला व्यापाराचा विटाळ होऊ नये अशी भावना असेल, तर ती सोवळी भावना इतिहासाला मानवणारी नाही. आणि व्यापाराला खाली ठेवल्याने जहाजांतून माणसेही गेली, हे निसटते.

वसईचा संत गोन्सालो गार्सिया या दोन मजल्यांपैकी कोणत्या मजल्यावर बसवावा? तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तेथे भाषा शिकला, धर्मशिक्षण देत राहिला; पुढे व्यापारी झाला; मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू होऊन जपानला परतला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मरण पावला. युरोपीय गिऱ्हाइकांसाठी जपानी कारागीर लाख व शिंपल्यांच्या जडावाच्या वस्तू घडवू लागले, तो हाच काळ. त्या वस्तूंपुढे उभे राहिले की गोन्सालोचा जपान दिसू लागतो. येशूसंघीयांबरोबर असताना शिकलेली भाषाच पुढे बंधू गोन्सालोच्या प्रवचनाला उपयोगी पडली.

आमची सूचना साधी आहे: गोव्याची एक हस्तिदंती मूर्ती खाली आणून चांग्शाच्या वाडग्यांच्या समोर ठेवावी, आणि त्यांतला एक वाडगा वर न्यावा. पाटी बदलावी लागेल तेवढीच.

जे वाचक सिंगापूरला जातील त्यांनी संग्रहालयातून निघून थोडे चालत कॅथिड्रल ऑफ द गुड शेफर्ड गाठावे. १८४७ साली पूर्ण झालेल्या या मंदिराचे नाव कोरियात १८३९ साली हुतात्मा झालेले फ्रेंच बिशप लॉरां आंबेर यांच्या स्मरणार्थ आहे. आपल्या मेंढरांचा छळ थांबावा म्हणून ते स्वतः शरण गेले होते. तेथला उत्तम मेंढपाळ काचेमागे नाही, आणि सकाळच्या मिस्साला दाराशी चपलाबुटांची ये-जा सुरू असते.