दुसऱ्या हेन्रीचे राजसत्ता-दृढीकरण : वारसा, अनुपस्थिती आणि न्याय (एक चिकित्सक अभ्यास)

प्रस्तावना :

इंग्लंडच्या मध्ययुगीन इतिहासात दुसऱ्या हेन्रीची कारकीर्द (इ. स. ११५४ ते ११८९) राजसत्तेच्या दृढीकरणाचा कालखंड म्हणून ओळखली जाते. या राजाने राजसत्ता बळकट करण्याचा प्रयत्न का केला, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. स्टीफनच्या राजवटीतील अराजक संपविणे त्याला भाग होते, हे पहिले उत्तर होय. हेन्री स्वभावतःच महत्त्वाकांक्षी व सत्तालोलुप होता, हे दुसरे. ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. अराजक तलवारीच्या बळावरही मोडता आले असते आणि महत्त्वाकांक्षी राजांची मध्ययुगीन युरोपात वाण नव्हती. लेखी आज्ञापत्रे, फिरते न्यायाधीश आणि शपथबद्ध पंच हे रूप हेन्रीच्याच सत्तेला का प्राप्त झाले, याचा उलगडा या दोन्ही उत्तरांतून होत नाही. प्रस्तुत लेखात हा उलगडा वारसाहक्क आणि राजाची अनुपस्थिती या दोन घटकांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

अराजकाची मीमांसा :

पहिल्या हेन्रीचा एकमेव औरस पुत्र इ. स. ११२० मध्ये ‘व्हाइट शिप’ या जहाजाच्या दुर्घटनेत बुडाला. त्यानंतर राजाने कन्या मटिल्डा हिच्या वारसाहक्कास उमरावांकडून शपथपूर्वक मान्यता मिळविली. मात्र डिसेंबर ११३५ मध्ये राजाचा मृत्यू होताच त्याचा भाचा स्टीफन याने राज्याभिषेक करवून घेतला आणि पुढे दीर्घकाळ यादवी चालली. पीटरबरो येथे लिहिल्या गेलेल्या अँग्लो-सॅक्सन वृत्तान्ताने या काळाचे अत्यंत विदारक चित्र रंगविले आहे आणि पुढील अनेक इतिहासकारांनी ते जवळपास जसेच्या तसे स्वीकारले.

अलीकडील संशोधनाने या चित्राला मर्यादा घातल्या आहेत. हेन्रीच्या प्रारंभीच्या कोषपत्रांत अनेक जमिनींपुढे ‘उजाड’ अशी नोंद आढळते. ही नोंद प्रत्येक ठिकाणी विध्वंसाची निदर्शक नसून, वसुलीची यंत्रणा कोलमडल्याने कर मिळू शकला नाही एवढाच तिचा अर्थ काही ठिकाणी असू शकतो, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. देश सर्वत्र बेचिराख झाला होता असे नव्हे, तर राजाचे हक्क कोणते आणि कोणाकडे, याची खात्री उरली नव्हती. वार्षिक हिशेबाच्या कोषपत्रांपैकी इ. स. ११३० चे एक पत्र उपलब्ध आहे; त्यांची सलग मालिका मात्र इ. स. ११५५-५६ पासूनच सुरू होते. जुन्या राजवटीत कोषागाराचा अनुभव घेतलेला ईलीचा बिशप नायजेल याला हेन्रीने पुन्हा पाचारण केले, हे या दृष्टीने सूचक आहे.

वारसा : राजाचा आणि प्रजेचा :

इ. स. ११५३ च्या तहान्वये स्टीफनने हेन्रीला वारस मानले आणि १९ डिसेंबर ११५४ रोजी एकविसाव्या वर्षी हेन्रीचा राज्याभिषेक झाला. विनापरवाना किल्ले पाडणे, फ्लेमिश भाडोत्री सैनिकांना देशाबाहेर घालविणे, राजाची म्हणून गणली जाणारी भूमी परत घेणे ही कामे त्याने तातडीने हाती घेतली. इ. स. ११५७ मध्ये स्कॉटलंडच्या राजाकडून उत्तरेकडील परगणेही परत मिळविले. या सर्व कृतींचे समर्थन त्याने ‘नव्या’ सत्तेच्या नावाने केले नाही. मातामह पहिला हेन्री ज्या दिवशी हयात होता आणि मरण पावला, त्या दिवशी हक्कांची जी स्थिती होती तीच प्रमाण, हे सूत्र त्याच्या सनदांतून वारंवार आढळते. स्टीफनची १९ वर्षे जणू कायद्याच्या दृष्टीने घडलीच नव्हती.

थॉमस बेकेटशी झालेल्या संघर्षातही हेच सूत्र दिसते. इ. स. ११६४ च्या क्लॅरेंडन येथील १६ कलमांत हेन्रीने नवे अधिकार मागितल्याचे म्हटले नाही. आजोबांच्या काळातील रूढी लेखी स्वरूपात मांडल्याचा दावा केला. हा दावा सर्वांशी खरा होता असे मानता येत नाही. रूढी लेखनबद्ध होताच तिची लवचीकता संपते आणि बेकेटचा विरोध काही अंशी या लेखनबद्धतेलाच होता. तथापि दाव्याचे स्वरूप लक्षणीय आहे : राजा स्वतःला विजेता न मानता वारस मानत होता.

याच विचाराचा प्रतिध्वनी प्रजेसाठी निर्माण झालेल्या न्यायप्रक्रियेत उमटलेला दिसतो. इ. स. ११७६ च्या नॉर्थॅम्प्टनच्या असाईजमधून विकसित झालेल्या ‘मोर्ट द’अँसेस्टर’ या प्रक्रियेत पंचांना मुख्यतः विचारले जाई की, मृत पूर्वज मृत्यूच्या दिवशी त्या जमिनीचा ताबेदार होता काय, आणि दावा करणारा त्याचा निकटचा वारस आहे काय. मातामहाच्या मृत्युदिनाची कसोटी राजाने आपल्या हक्कासाठी वापरली. तिच्याशी मिळतीजुळती कसोटी आता स्वतंत्र कुळांच्या वारसांना उपलब्ध झाली. यावरून थेट कार्यकारणसंबंध सिद्ध होतो असे नव्हे. परंतु ज्या राजाचा स्वतःचा वारसा हिरावला गेला होता, त्याच्या राजवटीत वारसाच्या संरक्षणाला असे स्थान मिळावे, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

अनुपस्थित राजा आणि लेखी आज्ञा :

नॉर्मंडी, आंजू आणि एलिनॉरशी झालेल्या विवाहामुळे लाभलेले ॲक्विटेन हे प्रदेशही हेन्रीच्या अधिपत्याखाली होते. साडेचौतीस वर्षांच्या कारकिर्दीपैकी सुमारे २१ वर्षे तो समुद्रापलीकडे होता. त्यामुळे राजाच्या व्यक्तिगत उपस्थितीवर अवलंबून नसलेले शासन ही त्याची निकड होती. इ. स. ११६६ च्या क्लॅरेंडनच्या असाईजने प्रत्येक ‘हंड्रेड’ या उपविभागातील १२ व प्रत्येक गावातील ४ जणांनी खुनी, दरोडेखोर व चोर यांची नावे शपथेवर सांगावीत, असे ठरविले. त्यानंतर राजा चार वर्षे इंग्लंडबाहेर राहिला. इ. स. ११७० मध्ये परतताच त्याने शेरीफांच्या कारभाराची चौकशी लावली आणि बहुतेकांना पदच्युत केले. इ. स. ११७६ मध्ये १८ न्यायाधीशांची सहा मंडळांत विभागणी झाली.

‘रिट’ हा शब्द भारतीय प्राध्यापकवर्गाला राज्यघटनेच्या ३२ व २२६ या कलमांमुळे परिचित आहे. हेन्रीच्या काळातील रिट हे मात्र राजाच्या मुद्रेचे, ठरावीक मजकुराचे आज्ञापत्र होते. ते सामान्यतः शेरीफाच्या नावे निघे आणि त्यातून दावा सुरू होई. बेकायदा ताबा हिरावल्याच्या दाव्यासाठी ग्लॅनव्हिलच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात दिलेल्या रिटमध्ये मुदतीची मर्यादा राजाच्या नॉर्मंडीच्या शेवटच्या प्रवासापासून मोजली आहे. राजाची अनुपस्थिती अशा रीतीने कायद्याच्या मजकुरातच नोंदली गेली. इ. स. ११७३-७४ मध्ये पुत्र, पत्नी, अनेक उमराव व स्कॉटलंडचा राजा यांनी एकत्रितपणे बंड केले, तेव्हा राजा बराच काळ नॉर्मंडीत असूनही रिचर्ड द लुसी या मुख्य न्यायाधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडमधील शासन टिकून राहिले. या यंत्रणेची खरी कसोटी तीच होती.

हेतू आणि परिणाम :

मेटलंडने या असाईजांकडे सरंजामी न्यायालयांवरील आघात म्हणून पाहिले. मिल्समने इ. स. १९७६ मध्ये याच्या उलट भूमिका मांडली. सरंजामी व्यवस्था तिच्याच नियमांनुसार चालावी एवढाच हेन्रीचा उद्देश होता. ती दुबळी होणे हा अनपेक्षित परिणाम होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. वर मांडलेले वारसासूत्र मिल्समच्या भूमिकेला पूरक ठरते. तथापि राजाला केवळ न्यायप्रिय पुनर्स्थापक ठरविणेही योग्य नाही. न्यायदानातून दंडाच्या रूपाने महसूल मिळत होता. वेठीच्या कुळांना या प्रक्रियांचा लाभ नव्हता. आणि जॉलिफने दाखविल्याप्रमाणे, स्वतः राजा रोष व मर्जी यांच्या बळावर नियमबाह्य वर्तन करू शकत होता. प्रजेला ज्या नियमाने बांधले, त्या नियमाने राजा बांधला गेला नव्हता.

ही विसंगती पुढे स्फोटक ठरली. इ. स. १२१५ च्या मॅग्ना कार्टातील १८ व्या कलमात उमरावांनी या असाईज रद्द करण्याची नव्हे, तर त्या प्रत्येक परगण्यात वर्षातून चार वेळा भरविण्याची मागणी केली. ३९ व्या कलमात मात्र योग्य न्यायनिवाड्याविना कारवाई न करण्याचे बंधन राजावर घातले. हेन्रीची यंत्रणा त्यांना हवी होती. यंत्रणेबाहेरचा राजा नको होता.

समारोप :

दुसऱ्या हेन्रीने राजसत्ता बळकट केली ती हिरावलेला वारसा परत मिळविण्यासाठी. आणि विस्तीर्ण प्रदेशामुळे सतत दूर राहावे लागल्याने त्या सत्तेला व्यक्तिनिरपेक्ष रूप आले. ‘अराजक, मग बलवान राजा, मग सुव्यवस्था’ अशी सोपी साखळी विद्यार्थ्यांसमोर ठेवली की बलवान व्यक्ती हेच सुशासनाचे कारण, असा समज दृढ होतो. हेन्रीची कारकीर्द नेमके याच्या उलट सुचविते. त्याच्या सत्तेतील टिकाऊ भाग तोच ठरला, जो त्याच्या उपस्थितीवाचून चालू शकत होता.