नऊ घरांचा पट आणि जेमीचं नाव

हॅरेनहालच्या न्हाणीघरात, गरम पाण्याच्या वाफेत, जेमी लॅनिस्टर ब्रिएनला एक गोष्ट सांगतो. त्याचा उजवा हात नुकताच तोडलेला आहे आणि अंगात ताप आहे. ज्या राजाच्या रक्षणाची शपथ घेतली त्यालाच त्याने मारलं, म्हणून सारं राज्य त्याला ‘किंगस्लेयर’ म्हणतं. त्यामागचं कारण तो पहिल्यांदाच सांगतो आहे. एरिस राजाने राजधानीखाली ठिकठिकाणी ज्वालाग्राही द्रव्याचे साठे पेरले होते. शत्रू वेशीशी आला तेव्हा त्याने सगळं शहर माणसांसकट जाळायचा हुकूम दिला. जेमीने आधी तो हुकूम पार पाडणाऱ्याला मारलं, मग राजाला.

जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स’ (2000) या कादंबरीतला हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो. लोकप्रिय कथांमधली पात्रं ‘अलाइनमेंट’च्या नऊ घरांत बसवण्याची जी रीत आता सर्वत्र रुळली आहे, तिचं बळ आणि तिची मर्यादा दोन्ही इथे एकाच जागी दिसतात. शपथ मोडली म्हणून जेमी ‘केऑटिक’, शहर वाचवलं म्हणून ‘गुड’. पण मालिकेच्या पहिल्याच पुस्तकात त्याने एका लहान मुलाला मनोऱ्याच्या खिडकीतून खाली ढकललं आहे. मग त्याचं घर कोणतं?

हा पट आला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये तो काढला, तेव्हा घरं तीनच होती: लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (तटस्थपणा) आणि केऑस (बेबंदपणा). ही कल्पना पोल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्‌स अँड थ्री लायन्स’मधून आणि मायकल मूरकॉक यांच्या एल्रिकच्या कथांमधून उचललेली होती. मूरकॉक यांच्याकडे नियम आणि बेबंदपणा या विश्वाच्या दोन शक्ती आहेत. दोन्ही अतिरेकाला गेल्या की जीवसृष्टीच्या मुळावर येतात, त्यामुळे तिथे नियम म्हणजे चांगुलपणा असं समीकरण नाही. 1976 मध्ये गायगॅक्स यांनी एका लेखात आडव्या रेषेला उभी रेष जोडली: एका टोकाला सज्जन, दुसऱ्या टोकाला दुष्ट. 1978 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये नऊ घरं पक्की झाली. नियम आणि चांगुलपणा वेगळे मोजायचे, हीच या पटाची खरी कमाई.

खेळाच्या टेबलावर या घरांना वजन होतं. खेळणाऱ्याने आपल्या पात्राच्या कागदावर अलाइनमेंट आधी लिहायचं आणि पुढे प्रत्येक पेचात त्याला जागायचं. पॅलाडिन हा योद्धा ‘लॉफुल गुड’च असावा लागे, त्याचं पाऊल घसरलं की त्याच्या खास शक्ती जात. 1979 च्या नियमांत तर घर बदललं की कमावलेली एक पातळी गमवावी लागे. म्हणजे अलाइनमेंट हे टेबलाभोवतीच्या माणसांना आधी दिलेलं वचन होतं. कादंबरीतल्या पात्राला आपण ते लावतो तेव्हा गोष्ट घडून गेलेली असते. वचनाचा निकाल होतो, आणि निकाल लागला की पुढचं वाचन थांबतं. आजच्या या रीतीत मला सलणारी गोष्ट हीच आहे.

तरी हा पट टाकाऊ नाही. व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझराब्ल’मधला (1862) इन्स्पेक्टर जाव्हेर घ्या. त्याला बहुतेक जण ‘लॉफुल न्यूट्रल’मध्ये बसवतात आणि ते योग्यच आहे. तो लाच खात नाही, त्याला सूडाचा आनंद नाही, कायदा हाच त्याचा देव. ज्या वालज्याँचा त्याने जन्मभर पाठलाग केला, तोच बॅरिकेडवर त्याला जिवंत सोडतो. नंतर जाव्हेरही त्याला सोडून देतो आणि सेन नदीत उडी घेतो. कायद्याबाहेरही चांगुलपणा असतो, हे कळल्यावर त्याला उभं राहायला जागाच उरत नाही. दोन रेषा वेगळ्या धरल्या की त्याचं मरण नीट समजतं.

मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधला भीष्म वाचताना आपण हेच पाहतो: प्रतिज्ञा अभंग राहते आणि तिची किंमत अंबेसारख्या स्त्रिया मोजतात. आपण भीष्माला एका घरात बसवून मोकळे होत नाही, वाद घालत राहतो.

पट लटपटतो तो ‘नियम कोणाचा?’ या प्रश्नापाशी. ‘द वायर’ (2002–2008) या मालिकेतला ओमर लिटल बंदूक घेऊन अमली पदार्थांच्या धंदेवाल्यांना लुटतो, म्हणून तो सर्रास ‘केऑटिक’च्या रांगेत जातो. पण धंद्याबाहेरच्या माणसावर तो शस्त्र उगारत नाही आणि हे पथ्य मालिकेतल्या कित्येक पोलिसांपेक्षा कसोशीने पाळतो. बॅटमॅनची अडचण आणखी वेगळी. 1939 पासून इतक्या हातांनी त्याला लिहिलं आहे, की नऊच्या नऊ घरं एकट्या बॅटमॅनच्या प्रसंगांनी भरून दाखवणारे तक्ते लोकांनी केले आहेत. मला ते तक्ते मोलाचे वाटतात. घर प्रसंगाला मिळतं, माणसाला मिळेलच असं नाही, हे त्यांत लख्ख दिसतं.

खेळ रचणारे मात्र पुढे गेले आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2008 मधल्या चौथ्या आवृत्तीत घरं पाचावर आली. 2014 मध्ये नऊ परतली, पण नियमांवरची त्यांची पकड सैल झाली होती. ऑर्कसारखी अख्खी जमात जन्मतः दुष्ट मानणं चूक आहे, हे 2020 मध्ये प्रकाशकांनी उघडपणे मान्य केलं. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाने 2023 मध्ये अलाइनमेंट काढूनच टाकलं. त्याआधी कितीतरी वर्षं, 1985 मध्ये, ग्रेग स्टॅफर्ड यांनी ‘पेंड्रॅगन’ या खेळात वेगळी वाट दाखवली होती. तिथे दया आणि क्रौर्य, सचोटी आणि कपट अशा तेरा जोड्या आहेत. प्रत्येक जोडीची बेरीज वीस, एक बाजू चढली की दुसरी उतरते, आणि आकडे बदलतात ते पात्राच्या कृतीमुळे. माणूस घडत जातो, हे या मोजमापाला ठाऊक आहे.

वाचकांनीही एवढं शिकावं. घर जरूर द्यावं, पण सोबत प्रसंग लिहावा: कोणत्या क्षणी, कोणता नियम, कोणासाठी मोडला. मनोऱ्यातला जेमी आणि सिंहासनापाशी तलवार उपसणारा जेमी यांना दोन घरं द्यावीत आणि त्यांच्यामधलं अंतर वाचावं. कथा त्या अंतरातच असते.

न्हाणीघरात सगळं सांगून झाल्यावर जेमीची शुद्ध हरपू लागते. ब्रिएन त्याला सावरते आणि मदतीसाठी पहारेकऱ्यांना हाका मारते. सत्य नुकतंच ऐकलेल्या तिच्याही तोंडी जुनंच बिरुद येतं, किंगस्लेयर. डोळ्यांपुढे अंधार येत असताना तो मनात एवढंच म्हणतो, की आपलं नाव जेमी आहे.